सोंग करून राह्यलाय, साहेब

हे मी आजवर कुणालाच सांगितलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. तुम्हाला सांगतो — आताच का, ते माझं मलाबी ठाऊक न्हाई.

नव्वदच्या पुढची सालं. जालन्यात हवालदार होतो, कोठडीवर ड्युटी. तव्हा कोर्टात एक बैठक झाल्ती — जजसाहेब, आमचे साहेब, जेलर अन् सरकारी दवाखान्यातले डोक्याचे डॉक्टर. आरोपी मनानं आजारी दिसला, तर जेलात धाडायच्या आधी डॉक्टरांना दाखवायचं, असं ठरलं. पण ओळखायचं कुणी? डॉक्टर म्हणाले, "कोठडीवरचा माणूस त्याला दिवसभर बघतो. त्यानं सांगायचं." म्हणजे मी.

मंग दत्ता आला. राजूरकडचा. दुकानाची काच फोडली म्हणून धरलेला. भिंतीशी बोलायचा. भाकरीत विष घातलंय म्हणून जेवायचा न्हाई. त्याची माय रोज ठाण्याच्या दाराशी. "दादा, त्याचं डोकं ठिकाणावर न्हाई. साहेबाला सांगा तुम्ही." "सांगतो, मावशी," म्हणायचो. मला दिसत नव्हतं का? बराबर दिसत होतं.

पण डॉक्टरनं पुण्याच्या येड्यांच्या दवाखान्यात धाडा म्हटलं, तर एसटीनं नेणार कोण? मीच. असाच एक आरोपी स्टँडावरून पळाल्ता, अन् माझा जोडीदार सस्पेंड झाल्ता. तेच डोक्यात फिरायचं — दत्ता गजाआड, अन् मी ह्या भीतीत.

कोर्टात जजसाहेबांनी मला विचारलं, "हा असा का करतोय? डॉक्टरांना दाखवायला हवं का?"

"न्हाई साहेब. सोंग करून राह्यलाय."

एवढंच बोललो. दत्ता जेलात गेला. तिथं त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं — एक डोळा गेला. मंग डॉक्टर आले, गोळ्या चालू झाल्या, अन् हळूहळू तो माणसात आला.

पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी विचारलं, "कोठडीवरून कुणीच कसं कळवलं नाही?" मी दाराशी उभा होतो. तोंड उघडलं न्हाई. खालून निरोपच येत न्हाईत, मंग ही योजना काही चालायची न्हाई, असं साहेब लोकांनी ठरवलं — अन् बैठका बंद पडल्या. माझ्या एका शब्दानं. त्यानंतर आणखी कितीजण तसेच जेलात गेले असतील?

सुटल्यावर माय त्याला घेऊन ठाण्यात आली. जजसाहेबांनी मला विचारलं त्या दिवशी ती कोर्टाबाहेर बसलेली, माझं बोलणं तिनं ऐकलंच नव्हतं. लेकाला म्हणाली, "ह्या दादानं डॉक्टरला सांगितलं, म्हणून तू वाचलास. पाया पड."

तो वाकला.

मी पाय मागं घेतले न्हाईत.