आजारपणाची हजेरी

माझं कुणी ऐकलंच नाही हो! टाइमकीपरनं नाही, मैत्रिणीनं नाही, सख्ख्या नवऱ्यानंसुद्धा नाही. मी घसा फोडून सांगत होते, ही रजा नव्हे, ही कंपनीची चाल आहे. सगळे हसले. तुम्हीपण हसणार, ठाऊक आहे मला. पण आधी चहा घ्या, सगळं ऐका, मग काय दात काढायचे ते काढा.

सिकंदराबादेत औषधाच्या गोळ्यांचा कारखाना होता, तिथं मी पॅकिंगला. शाळा माझी चौथीपर्यंत. पण लबाडी ओळखायला मॅट्रिक लागतं का? त्या वर्षी माझ्या पोटात खडे निघाले, पित्ताचे. ऑपरेशन झालं. डॉक्टरनं तीन आठवड्यांच्या रजेची चिठ्ठी हातात दिली. मी रिक्षा घरी नेलीच नाही, तशीच कारखान्यावर वळवली.

टाइमकीपर नरसिंगराव चिठ्ठी बघून म्हणतो, "अम्मा, आराम से घर में लेटो. आधा पगार विमा वाले देते."

"का देतात?"

"कायकू बोले तो? हर महिने तुम्हारे पगार से विमे का पैसा कटता ना! इसीच वास्ते कटता."

"आणि माझी नोकरी?"

"बीमार आदमी कू निकाल नहीं सकते अम्मा. कायदा है."

कायदा! अहो, एवढं गोड बोललं की माझ्या अंगावर काटा येतो. आमच्या ह्यांच्या कारखान्यात साहेब असाच गोड बोलला होता. तेव्हा सगळीकडे ते नवीन वारं सुटलेलं. बाहेरच्या कंपन्या येणार, टीव्हीवर पन्नास चॅनल दिसणार, आणि जुन्या कामगारांनी काय करायचं? तर स्वेच्छानिवृत्ती! ह्यांनी इंग्रजी कागदावर न वाचता सही ठोकली. सोमवारी डबा घेऊन गेले, तर वॉचमन गेटातून आत सोडेना. इच्छा कुणाची आणि निवृत्ती कुणाची? तेव्हापासून हे घरी आणि चूल माझ्या पगारावर. माझं नाव पटावरून उडालं असतं तर खायचं काय, त्या पन्नास चॅनलांचं भरीत?

मी ठरवलं, रजा त्यांच्या कागदावर राहू दे. आपण गेट सोडायचं नाही!

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पोटाला पदर गच्च बांधून निघायचे. तारनाक्याहून बस. प्रत्येक खड्ड्यात जीव घशाशी यायचा. गेटावरच्या हजेरीच्या वहीत झोकात सही करायची, वॉचमनच्या बाकावर तासभर बसायचं, सगळ्यांना तोंड दाखवायचं आणि परत.

माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मेहबूबबी, माझी वीस वर्षांची मैत्रीण. ती कपाळ बडवायची. "अक्का, दिमाग खराब हुआ क्या? टाके टूटते तुम्हारे!"

"टाके परत घालता येतात. नोकरी परत घालता येते का?"

टाक्यांत पू झाला. डॉक्टर म्हणाला, घरी झोपून होतात ना? मी म्हटलं, हो तर, कूससुद्धा बदलली नाही. मग? खरं सांगून मरू?

तीन आठवडे संपले. शेवटच्या दिवशी मी नरसिंगरावला म्हटलं, "रोज आले होते असं लिहून द्या. शिक्का पाहिजे."

तो घाबरला. "नक्को अम्मा! इससे तुम्हारा नुकसान होता."

बघा! साहेबलोक जो कागद द्यायला का-कू करतात, तोच कागद आपल्या कामाचा. ही माझी रीत. मी त्याच्या टेबलापुढं जमिनीवर फतकल मारली. पाऊण तासात शिक्का पडला.

मग आबिड्सला विम्याच्या ऑफिसात अर्ज दिला. एक कागद मागितला की आपण दहा द्यावेत, नंतर कुणी बोट दाखवायला नको. घरात होते-नव्हते तेवढे सगळे कागद सुईदोऱ्यानं शिवले आणि तो गठ्ठा तिथल्या खिडकीतून आत सरकवला.

पंधरा दिवसांनी गेले, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "नहीं मिलता अम्मा. तुम रोज काम पे हाज़िर थे, ऐसा लिखा हुआ कागज़ आया है. छुट्टी का पैसा घर में रहने वाले को मिलता."

"कोण म्हणतं?"

"कागज़ बोलता."

म्हणजे चुगली! माझ्या घासात माती कालवली कुणीतरी! मी तिथं पुढचं ऐकायला थांबले नाही. सरळ कारखान्यात. नरसिंगरावला म्हटलं, माझा पगार तरी द्या मग. तर म्हणतो, "काम कहाँ किए? बेंच पे बैठे थे." म्हणजे विम्याचा अर्धा नाही आणि कंपनीचा पूर्ण नाही! आजारी मी, हजर मी, आणि हातात काय? वाटाण्याच्या अक्षता!

मग मी पॅकिंगमध्ये जाऊन मेहबूबबीला धरलं. "तूच सांगितलंस! टाके टाके करत तूच बोंबलत होतीस!"

ती बिचारी रडायला लागली. "माँ की कसम अक्का, मैं आबिड्स देखी बी नहीं!"

"खोटं! वीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लंस आणि आता उलटलीस!"

अख्खं पॅकिंग बघत होतं. पण मी थांबणारी आहे का? दुसऱ्या दिवशी दोघांना, नरसिंगरावला आणि मेहबूबबीला, अक्षरशः ओढत आबिड्सला नेलं. मॅडमच्या टेबलावर हात आपटला. "ह्या दोघांतला कोण, ते आत्ताच्या आत्ता सांगा. त्याच्या नावानं खडे फोडते की नाही बघा!"

मॅडमनी शांतपणे फाइल उघडली. दोऱ्यानं शिवलेला एक गठ्ठा काढला. त्यात आमचं रेशन कार्ड, ह्यांचा निवृत्तीचा कागद, लग्नाची पत्रिका... आणि पत्रिकेच्या खाली तो शिक्क्याचा कागद. नरसिंगराव छताकडे बघायला लागला. मेहबूबबीनं डोळे पुसले आणि कंबरेवर हात ठेवले.

"ये कागज़ जिसने जमा किया, उसने पीछे मराठी में कुछ लिखा है," मॅडम म्हणाल्या. "मेरे को मराठी नहीं आती. तुम पढ़ो. ज़ोर से."

मी कागद उलटा केला. टपोरं, चौथी पास अक्षर.

"वाच ना अक्का," मेहबूबबी चक्क मराठीत म्हणाली.

वाचलं मग. काय करते?

"समोरचा मजकूर शंभर टक्के खरा आहे, कुणी नाही म्हटल्यास मानू नये. कागद देणार, सौ. कमलाबाई ज्ञानोबा बोरगावकर."