बाबांच्या खांद्यावरचा बेवारस हात

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यावर, म्हणजे आमच्या दाजींवर, गेल्या दसऱ्याला दुपारी, श्रीखंडाची वाटी पुढ्यात यायच्या ऐन क्षणी घोर अन्याय झाला. त्यांना आमच्या कुटुंबातून कापून काढण्यात आलं. तेही त्यांनीच दिलेल्या फ्रेममधून!

आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, सहस्रचंद्रदर्शनाला दाजींनी एक भारी सागवानी फ्रेम आणली होती. "ह्यात सगळ्या घराचा फोटो लावा," म्हणाले. लगेच सगळं घर अंगणात ओळीनं उभं राहिलं आणि मी मोबाइल आडवा धरून फोटो काढला. मधे आबा, एका टोकाला माळशिरसच्या काकू, दुसऱ्या टोकाला दाजी. जावई कडेला बरा दिसत नाही म्हणून आईनं त्यांची पुष्कळ ओढाओढ केली. पण "मी हितंच बरा हाय की" म्हणत दाजी हलले नाहीत. बाबांच्या खांद्यावर हात टाकून हसत राहिले. (माणसानं मोठेपणा जरूर दाखवावा, पण फोटोच्या कडेला उभं राहून दाखवू नये!)

तो फोटो मी सात रस्ता चौकाजवळच्या एका फोटोच्या दुकानाला पाठवला. सोबत फ्रेमचं माप. उलट प्रश्न आला, "कागद भरून छापू, का पांढरं सोडू?" मी आईला विचारलं.

"पांढरं? एवढी जावयानं दिलेली फ्रेम, अन् आत कोरा कागद लावायचा व्हय? भरून छाप म्हणावं!"

छापला. भरून. दसऱ्याला सगळ्यांसमोर फ्रेमवरचा कागद फाडला, आणि टाळ्या वाजता वाजता थांबल्या. आबा होते, आई होती, काकू होत्या. दाजी नव्हते. बाबांच्या खांद्यावर फक्त एक हात होता. मागे माणूस नाही, बाही नाही, नुसता हात!

"ह्यो कुनाचा रं?" आबांनी बाबांना विचारलं.

दाजींनी अंगठीवरून स्वतःचा हात ओळखला आणि ताट पुढं सरकवलं. "माझ्याच फ्रेमीतनं मलाच भाईर काढलं? ठीक हाय. ह्यो फोटो नीट होईस्तवर मी ह्या घरात पानावर बसायचा न्हाय. अन् दिवाळीला सुनीताबी येणार न्हाय."

सुनीताताईचं तोंड एवढंसं झालं. तिची माहेरची दिवाळी एका कापलेल्या कागदापायी बुडणार! हे मी सहन करीन? नळाला पाणी येत नाही म्हणून गल्लीभर पत्रकं वाटणारी मी? दुसऱ्याच दिवशी मी दुकानावर एकटीचा मोर्चा नेला.

"कुणाच्या परवानगीनं तुम्ही आमचे दाजी कापले?" मी काउंटरवर हात आपटला. पासपोर्टच्या फोटोसाठी स्टुलावर बसलेल्या गृहस्थांनी घाबरून डोळे मिटले. नेमका तेव्हाच फ्लॅश उडाला.

दुकानदार वैतागला. "ताई, वरडू नका. तुमचा फोटो लांबडा, फ्रेम आखूड. भरून पायजे म्हनला तुमी. मग कुनीतरी जानारच की! आता सांगा, कुनाला काढू?"

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला. आमच्या घरावर एक चौकट ठेवली होती. चौकटीत येईल तो घरचा, बाहेर राहील तो कापला जाणार. त्यानं चौकट उजवीकडं सरकवली. दाजी आत आले, काकू बाहेर गेल्या! डावीकडं सरकवली. काकू आत, दाजी बाहेर! (रेशनच्या यादीतसुद्धा लोकांना इतक्या सहज वगळत नाहीत.)

एवढा मोठा निर्णय एकटीनं कसा घ्यायचा? मी घरी फोन लावला. "आई, दाजी पाहिजे असतील तर काकू जातात."

आईनं थोडा विचार केला. "जाऊ दे की. ती तशीबी कुटं रोज हितं असती?"

"जाऊबाई!" मागून काकूंचा आवाज. "मी हितंच बसलीया, तांदूळ निवडत!"

मग एकच गोंधळ. तेवढ्यात बाबांनी फोन ओढून घेतला. "कुणालाच काढू नगं. सगळ्यांना दाबून बसव."

दुकानदारानं दाबलं. सगळे आत आले, पण विजेच्या खांबासारखे! आबांचं तोंड दुधी भोपळ्याएवढं लांब. मी तो नमुना घरी पाठवला. आई त्यात कधी नव्हे इतकी सडपातळ दिसत होती. तिचं लगोलग उत्तर आलं, "हाच छाप!"

"पांढरं सोडा!" मी शेवटी दुकानदाराला म्हणाले. "अख्खा फोटो ठेवा, एकही माणूस कापायचा नाही. वर-खाली मोकळं राहील त्याला गडद लाल रंग द्या. आईचं मी बघते."

दिवाळीच्या पाडव्याला दाजी आले. आधी चष्मा लावून फोटोपुढं उभे राहिले. हात तपासला, बाही तपासली, स्वतःला बुटापर्यंत पाहून घेतलं आणि मग पानावर बसले. ताईनं त्यांच्या पानात करंजी वाढली, आणि "एकही माणूस कापायचा नाही" हे दुकानातलं माझं वाक्य सगळ्यांना ऐकवून मी विजयी मुद्रेनं घरभर पाहिलं.

"अगं, पर माझ्या इरकलीच्या काठावर ह्यो बटाटा कसला?" काकू ओरडल्या.

सगळे फोटोपाशी जमले. डावीकडं खालच्या कोपऱ्यात खरंच एक गुलाबी, गुबगुबीत बटाटा होता. आधीच्या फोटोत काकूंच्या बाजूचीही थोडी कड कापली होती, तिच्याबरोबर तो गेला होता. या अख्ख्या फोटोत मात्र मोठ्या मानानं विराजमान झाला होता. ते माझं बोट होतं. मोबाइल आडवा धरताना भिंगापुढं आलेलं!

"कापून टाका की तेवढं," मी पुटपुटले.

"आता कसं?" दाजी करंजी चावत म्हणाले. "एकबी माणूस कापायचा न्हाय, तूच म्हणलीस न्हवं?"

म्हणून वाचकहो, ही जाहीर मागणी नीट ऐका! फोटो काढायच्या आधी फ्रेम मोजा. कडेला उभ्या राहणाऱ्या मानी माणसाला दंडाला धरून आत ओढा. कुणी "भरून छापू का?" विचारलं, तर कोण कोण जाणार ते आधी विचारून घ्या. आणि आमच्या घरी आलात, तर त्या फ्रेमसमोर उभं राहून "यात तू कुठं दिसत नाहीस गं?" असं मला अजिबात विचारू नका. मी आहे त्यात. बटाटा बघा!