सुनंदाची बधिर करंगळी

"मॅडम, सुई बोटात घुसली तरी मला कळलंच नाही. कापडावर रक्त दिसलं तेव्हा समजलं."

सुनंदाने उजवा हात माझ्या टेबलावर ठेवला. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, काखेपासून खाली मुंग्या. (नाव अर्थातच बदललंय.)

मी प्लास्टिक सर्जन. हडपसरला आमचं छोटं हॉस्पिटल आहे. सुनंदाचं ब्रेस्ट ऑगमेंटेशन मीच केलं होतं, म्हणजे सिलिकॉनचे इम्प्लांट बसवून स्तनांचा आकार वाढवला होता. ती लोणी काळभोरला ब्लाउज शिवते. "साऱ्या गावाची मापं घेते, स्वतःचं घ्यायची लाज वाटते," असं पहिल्याच भेटीत म्हणाली होती.

"आराम सांगितला होता ना? शिवायला कुणी सांगितलं?"

"एकच हूक लावत होते हो मॅडम."

"लग्नसराईत एकच हूक? वा!"

बोलले खरी, पण लगेच तिची दोन्ही बोटं पुन्हा टोचून बघितली. या ऑपरेशनमध्ये काखेजवळची एखादी बारीक नर्व्ह दुखावते, मग दंडाची आतली बाजू काही दिवस बधिर राहते. त्याला मी घाबरत नाही, ते बहुधा आपोआप जातं. करंगळीचं प्रकरण वेगळं. तिथे जाणारी मोठी नर्व्ह काखेतून जाते. ऑपरेशनच्या वेळी पेशंटचे हात दोन्ही बाजूंना पसरून ठेवतात. ते जास्त ताणले गेले तर या मोठ्या नर्व्हला ओढ बसते. आणि इथे तर शिवणारीचा उजवा हात! तिचं घर त्या बोटांवर चालतं.

सुनंदा बाहेर गेल्याबरोबर मी आमच्या भूलतज्ज्ञांना फोन लावला.

"हात किती पसरले होते?"

"काटकोनाच्या आतच. तुम्ही स्वतः दोनदा बघितलंत."

"मग हे झालं कशानं?"

"ते मला काय विचारता? सर्जन तुम्ही."

झालं. तिकडूनही काही मिळालं नाही. हाताला सूज नव्हती, नाडी व्यवस्थित लागत होती, बोटांत जोर होता. सुनंदाचं एक वाक्य मात्र डोक्यातून जाईना. "इथे येईपर्यंत बरं वाटायला लागतं, घरी गेलं की परत सुरू."

"माझा दवाखाना बघून नर्व्ह बरी होते? फी वाढवायला हवी मग," मी म्हटलं होतं. ती हसली, पण नजर खाली गेली. मी तिला सांगितलं, पुढच्या वेळी मुंग्या आल्या की लगेच व्हिडिओ कॉल कर.

दोन दिवस मला चैन नव्हतं. दुसरी ऑपरेशनं करताना सारखं लक्ष पेशंटच्या हातांकडे जायचं. जेवताना नवऱ्याची करंगळी दाबून बघितली. "दुखतंय का?" विचारलं तर म्हणाला, "आता दुखायला लागलंय."

तिसऱ्या दिवशी कॉल आला. सुनंदाने बोटं कॅमेऱ्यासमोर नाचवली. "बघा, आत्ता आल्यात मुंग्या."

बोटं बघता बघता माझी नजर त्यांच्या मागे गेली.

"थांब. फोन जरा लांब धर."

तिने धरला. छाती सपाट, ऑपरेशनच्या आधी होती तशी.

"अगं, माझं ऑपरेशन कुठे गेलं?"

"हळू बोला ना मॅडम! सासूबाई ओट्यापाशी आहेत."

मग कुजबुजत सगळं बाहेर आलं. नवऱ्याला माहीत होतं, पण सासूला काखेतली गाठ काढली असं सांगितलेलं. आकार दिसला तर बिंग फुटेल, म्हणून हिने स्वतःसाठी जाड कापडाचा पट्टा शिवला होता, थेट काखेपर्यंत घट्ट बसणारा. मी दिलेल्या मऊ ब्राच्या वरून दिवसभर तो आवळलेला. मी ओरडेन म्हणून माझ्याकडे निघताना काढून ठेवायची. हातात कसब होतं, त्यामुळे माप अचूक बसलं होतं. नर्व्ह बरोबर त्याखाली दबत होती.

"सोड तो. आत्ताच्या आत्ता."

"आणि सासूबाईंना काय सांगू?"

"खरं ते सांग."

"तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही."

"आणि तू त्या नर्व्हला ओळखत नाहीस. बोटं हवीत की गुपित?"

तिने फोन ठेवला. पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर सासूबाईही आल्या. खुर्ची दाखवली तरी बसल्या नाहीत.

"डॉक्टरीणबाई, तुमाला ठावं व्हतं न्हवं?"

"पेशंटचं मला कुणाला सांगता येत नाही, मावशी."

"गाठ म्हटल्यावर मी काय समजले आसंन? पोरीला कॅन्सर हाय आन् माझ्यापासनं लपवत्यात. घास उतरंना माझ्या घशाखाली. रोज मारुतीपुढं रडत व्हते मी."

सुनंदा ढसाढसा रडायला लागली. सासूबाईंनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे, आणि म्हणाल्या, "केलंय तर केलंय. मग बांधून कशाला ठिवायचं येडे?"

करंगळी लगेच सुधारली नाही. आधी मुंग्या कमी झाल्या, बधिरपणा रेंगाळला. तोवर हूक सासूबाई लावत होत्या, वाकडे. गिऱ्हाइकं कुरकुरली. एका दुपारी सुनंदाचा फोन आला, "मॅडम, सुई टोचली! मेलं काय दुखतंय!" पेशंटला दुखतंय म्हणून मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

आता मी ऑपरेशनआधी बीपी, शुगर, अॅलर्जी विचारते आणि शेवटी विचारते, "घरी काय सांगितलंय?" उत्तर 'गाठ' असेल, तर तारीख मिळत नाही.