बांधाखाली वाया गेलेली जमीन

पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघालो तेव्हा माझ्याजवळ एक छत्री, एक काठी आणि देशाच्या मिठाविषयी पक्की मतं होती. यांतली छत्री तेवढी शाबूत परत आली.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि एका साप्ताहिकात तज्ज्ञ म्हणून लिहितो. पंचवार्षिक योजनेचे दिवस. जो तो देशाचं उत्पादन वाढवायला बसलेला, तसं मी मिठाचं वाढवलं. मिठागरात वाफ्यावाफ्यांमधल्या बांधांखाली पुष्कळ जमीन वाया जाते. ते काढून मोठे सलग वाफे केले तर मीठ जास्त येईल आणि माणसं निम्मी लागतील, असं मी ठासून लिहिलं. मिठागर तोवर पाहिलं नव्हतं. त्यानं लिहायला मोकळेपणा येतो.

तो लेख ठाण्याच्या भाऊसाहेबांनी वाचला. त्यांचं तिथं मिठागर होतं. त्यांनी कळवलं, एकदा येऊन पाहून जा, तुम्ही हो म्हणालात की बांधांवर कुदळ घालतो. माझ्या लेखावरून कुणी काही करील अशी कल्पनाच नव्हती. लगेच निघालो.

कल्याणला गाडी बदलायची होती. समोर उभ्या असलेल्या गाडीत ऐटीत जाऊन बसलो. जवळजवळ रिकामीच होती. बाहेर भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचे काळे चौकोन मागं पडत होते. आंबिवलीचं स्टेशन आलं तेव्हा समोरच्या गृहस्थांना विचारलं, ठाणं यायला अजून किती वेळ?

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "या गाडीनं? पृथ्वी गोल आहे म्हणतात, म्हणजे येईल कधीतरी." मग जरा कीव येऊन म्हणाले, एवढे आलाच आहात तर टिटवाळ्याला गणपतीचं दर्शन घेऊन परता. मी तिथंच उतरलो आणि तासभर उलट्या गाडीची वाट पाहत बसलो. दर्शन घ्यायला हवं होतं, हे दुपारी पटलं.

ठाण्याला टांगा केला. कोपरीच्या पलीकडे खाडीच्या अंगाला एकदम सगळं पांढरं आणि चौकोनी झालं. आरशांचे तुकडे ओळीनं मांडावेत तसे वाफे, काठाला मिठाच्या राशी. भाऊसाहेब छत्री उघडून मोठ्या बांधावर उभे होते. शेजारी मुकादम जोमा, उघड्या अंगाचा, लंगोट लावलेला.

वाफ्यांकडे जाताना जोमानं दोनच गोष्टी सांगितल्या. आगरावर आठ घरं राबतात. बांध गेले की चार घरं जातील, आणि कुठली चार ते त्यालाच ठरवावं लागेल. दुसरी म्हणजे, बूट काढा आणि बांधाच्या मधून चाला. पहिलीवर मी गंभीरपणे मान हलवली. दुसरी ऐकली नाही.

कारण मला मोजायचं होतं. एका बाजूला खाडीचं पाणी उन्हात तापत ठेवलं होतं, अजून मीठ न धरलेलं. दुसऱ्या बाजूच्या वाफ्यात पीक तयार होतं; उद्या सकाळी जोमाची बायको हिराबाई ते ओढणार होती. मधल्या बांधावर उभा राहून मी भाऊसाहेबांना वाया गेलेली जमीन टाचेला टाच लावून दाखवत होतो. एक, दोन, तीन. चौथी टाच बांधाच्या कडेवर पडली. कड, काठी आणि मी मिठात गेलो. फुटक्या जागेतून पाणी माझ्या मागोमाग आलं.

जोमानं चिखलाचे गोळे घालून भगदाड बुजवलं, पण तोवर हिराबाईचं मीठ विरघळून नुसता गढूळ रबडा झाला होता. मी उठलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

जोमा भाऊसाहेबांकडे वळून सावकाश म्हणाला, "सायेब परलं (पडले) तं एकच वाफा गेला. यांच्या पेपरातला वाफा असता तं सगलं आगर गेलं असतं."

आजूबाजूचे वाफे पांढरेशुभ्र, जागच्या जागी होते. भाऊसाहेबांनी ते पाहिले, मग मला पाहिलं. "काय प्राध्यापक, कुदळ मारायची का?"

आतापर्यंत मी चुकलो की आकडे चुकलेत म्हणायचो. इथं आकडे कोरडे होते, मीच भिजलो होतो. "नको," मी म्हणालो. "माझं चुकलं. बांध असू द्या."

भाऊसाहेबांनी छत्री मिटली आणि मोडलेला बांध होता तसाच घालायला सांगितलं. जोमानं डोक्याचं फडकं काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होता.

मला वाटलं, सुटलो. पण आगराची रीत निराळी. बांध ज्यानं मोडला, वाफ्याचा तळ त्यानंच तुडवून घट्ट करायचा. धोतर खोचून मी आणि मदतीला आलेल्या आगरावरच्या दोन बायका हारीनं पाय आपटू लागलो. हिराबाई मागून टाचेनं तपासत आली.

"हितं मऊ हाय. परत."

परत तुडवलं. परत मऊ. तिसऱ्यांदा तिनं नुसतंच बोट दाखवलं. चौथ्यांदा पुढं गेली. एम.ए. झाल्याचा आनंदही मला इतका झाला नव्हता.

मग तिनं तांदळाची भाकरी आणि कैरी दिली, वर राशीतलं मीठ चुरून. राशीच्या सावलीत बसून मी तीन भाकरी खाल्ल्या. तिचा वाफा मी बुडवला होता आणि ती मला आग्रह करत होती. मीठ पुन्हा धरेल, म्हणाली, ऊन काय पलून (पळून) जातं?

परतीच्या गाडीत बसण्याआधी दोघांना दिशा विचारली. धोतर वाळून कडक झालं होतं, पोटऱ्या ठणकत होत्या, आणि का कोण जाणे, मी फार खुशीत होतो. लेख लिहिल्यावर असं कधी वाटलेलं आठवत नाही.

पुण्यात पोचल्यावर चार ओळींत पहिला लेख मागं घेतला आणि खाली आधार म्हणून लिहिलं: हिराबाई, मिठागर, ठाणे. संपादकांनी कागद पुढं सरकवला.

"या बाईंची पदवी काय?"

"ते विचारलं नाही," मी म्हणालो. "पण मला त्यांनी तीनदा नापास केलंय."

त्यांनी नाव तसंच ठेवलं.