कोरडी गाठ

मी खडकीच्या कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी केली. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट शोधायची, सापडली तर पेटी मागे पाठवायची, नाही सापडली तर आपणच नीट पाहिलं नाही असं समजून पुन्हा पाहायचं. एवढंच मला येतं. मी निवृत्त झालो, डोळा झाला नाही. बायको ताट वाढून म्हणते, "अहो, आमटीला शिक्का मारायचा राहिलाय. तोवर आम्ही जेवू का?"

मासे धरतानाही माझं तेच. दर रविवारी सकाळी मी आणि कसबा पेठेतले एक कल्हईवाले वारज्याच्या पुढे, धरणाच्या मागच्या पाण्यावर जातो. मी त्यांना भाई म्हणतो, ते मला साहेब. ओळख बायकोच्या पितळी पातेल्यांमुळे झाली. कल्हई नीट बसते की नाही ते पाहायला मी त्यांच्या दुकानात दोन तास उभा होतो. शेवटी भट्टीवरून मान न उचलता ते म्हणाले, "साहेब, स्टूल देऊ, की गादीच घालू?" माझ्यावर संशय न घेता माझी टिंगल करणारा हा पहिलाच माणूस. तिथून दोस्ती झाली.

आम्ही गळाला गांडूळ लावत नाही, खोटा मासा लावतो. नवे लोक त्याला ल्युअर म्हणतात. तो तंगुसाला, म्हणजे नायलॉनच्या दोरीला, जोडायचे तीन प्रकार आहेत. एक सरळ गाठ. दुसरा स्नॅप. ती सेफ्टी पिनेसारखी तारेची कडी असते, उघडली की ल्युअर झटकन बदलता येतो. तिसरं स्विव्हल. ही मधोमध फिरणारी कडी असते, म्हणजे ल्युअरने गिरक्या घेतल्या तरी तंगुसाला पीळ बसत नाही. माझा स्नॅपवर विश्वास नाही, कारण जे उघडतं ते नको तेव्हाही उघडणार. स्विव्हलवरही नाही, कारण जे फिरतं ते कधीतरी अडणार. भाई पितळी पत्रा ठोकून चमच्याच्या आकाराचे ल्युअर स्वतः बनवतात. तो चमचा पाण्यात गरगर फिरतो, म्हणून तेवढ्याला ते स्विव्हल लावतात. बाकी सगळ्याला गाठ. "मधे जितके सांधे, तितकी भानगड," असं त्यांचं ठाम मत.

मोतीबिंदू काढल्यापासून मला डोंगरावरची शेळी दिसते, हातातला तंगूस दिसत नाही. त्यामुळे माझ्याही गाठी भाईच बांधत. कडीतून तंगूस ओवायचा, पाच वेढे द्यायचे, टोक मागे घालायचं आणि ओढायच्या आधी गाठ तोंडात धरून ओली करायची. "कोरडी ओढली की तंगूस घासून जळतो, साहेब. वरून पक्की दिसते, आतून गेलेली असते." मग मी ती गाठ ओढून बघायचो. प्रत्येक वेळी. ते पाण्याकडे बघत विचारायचे, "पास?" मी म्हणायचो, "पास." त्यांची एकही गाठ कधी सुटली नाही, तरी मी ओढायचो आणि ते चालवून घ्यायचे.

या उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी त्यांनी खिशातून स्नॅपचं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. आमच्या दोघांच्याही दोऱ्या त्यांच्याकडेच असत, त्या सगळ्यांना स्नॅप घरूनच बांधून आणले होते. "आजपासून हे. ल्युअर तुमचा तुम्हाला बदलता येईल."

मी पाकीट उलटसुलट केलं. वर कुणाचं नाव नाही, गाव नाही. जन्मभर स्नॅपला नावं ठेवणारा माणूस एका आठवड्यात पालटतो कसा? कुणी नातेवाइकाने स्नॅपचं दुकान टाकलं की काय? की माझ्यासाठी गाठी बांधायचा कंटाळा आला? छोट्या ल्युअरला तर स्नॅप जडच होतो, त्याचं डोकं खाली जातं, तो मेल्यासारखा पोहतो. हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी तसं म्हणालो, तर ते म्हणाले, "मग मोठा लावा." संपलं बोलणं.

पुढच्या आठवड्यात रमजान लागला आणि माझा जीव भांड्यात पडला. रोजा असताना धरणाचं पाणी लागलेली गाठ तोंडात कशी धरणार? हे मला आधी सुचायला हवं होतं. महिनाभर मी निमूटपणे स्नॅप लावले. दर रविवारी रद्दीवाल्याकडे असतो तसल्या ताणकाट्याला एकेक स्नॅप अडकवून ओढून बघितला. भाई बघत बसायचे, पण "पास?" काही विचारायचे नाहीत.

ईद झाली. दरवर्षी त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, यंदा आला नाही. विचारलं तर म्हणाले, "दूध नासलं." आता, कसब्यात एकच दूधवाला आहे का? पुढच्या रविवारी रोजा नव्हता, तरी स्नॅपच होते. चहाही त्यांनी ओतून दिला नाही. थर्मास माझ्याकडे सरकवला, "घ्या तुमच्या हाताने." माझ्या डोक्यात नको नको ते येऊ लागलं. माणूस बदलला. काहीतरी लपवतोय. त्याच दिवशी मला मोठा मरळ मासा लागला, काठापासून चार हातांवर आला आणि एकदम दोरी हलकी झाली. ओढून बघितली, तर स्नॅप आ वासून उघडा. मी तो भाईंच्या नाकासमोर धरला. ते म्हणाले, "नापास." आणि आपली दोरी गुंडाळायला लागले. इतका राग आला की परतीच्या वाटेवर भाईंना मागे बसवून मी एकही खड्डा न चुकवता स्कूटर चालवली.

घरी आल्यावर मी कारखान्याची पद्धत वापरली. खोट पहिल्यांदा कधी दिसली ते शोधायचं, मग त्याच्या आदल्या दिवशी काय घडलं ते बघायचं. मोबाइल उघडून भाईंचे आणि माझे निरोप मागे सरकवत गेलो. मला त्यांच्याविरुद्ध पुरावा हवा होता. स्नॅपच्या रविवारची आदली संध्याकाळ सापडली. तिथे एक व्हिडिओ होता, आणि तो मी पाठवलेला होता.

सोसायटीच्या ग्रुपवर आलेला. खाण्यापिण्याबद्दल काही सावधगिरीचं असेल म्हणून मी तो न उघडताच, यादीत वर दिसली त्या पाच नावांवर टिचकी मारून पुढे ढकलला होता. भाईंचं नाव यादीत कायम सगळ्यात वर असतं. आता उघडला. तंदूरपाशी उभा एक दाढीवाला माणूस, तो रोट्यांवर थुंकतोय असं ओरडून सांगणारा आवाज, आणि खाली ओळ: 'यांच्या हातचं घेण्याआधी विचार करा.' भाईंनी तो पाहिल्याच्या खुणा होत्या. उत्तर नव्हतं.

स्वयंपाकघरात त्यांच्या हातची कल्हई केलेली पातेली पालथी घातलेली होती. वर्षानुवर्षं आम्ही त्यातलं जेवतो. माझ्या शिक्क्याशिवाय एक पेटी कधी दाराबाहेर गेली नाही, आणि हे मी न बघता सोडलं. मला लाज वाटली, एवढंच लिहितो.

रविवारी काठावर बसल्या बसल्या मी म्हणालो, "भाई, तो व्हिडिओ मी पाहिला नव्हता."

कुठला, असं त्यांनी विचारलं नाही. "पाहिला नव्हता?"

"न उघडताच पुढे ढकलला. चुकलो. माफ करा."

ते म्हणाले, "मला वाटलं, साहेबांनी नीट पारखून पाठवला असणार. तुम्ही तर पातेलंसुद्धा दोन तास बघता."

मी स्नॅप कापून टाकला आणि तंगुसाचं मोकळं टोक आणि ल्युअर त्यांच्यापुढे धरले. "गाठ बांधा. नेहमीसारखी."

त्यांनी ल्युअर घेतला. कडीतून तंगूस ओवला, पाच वेढे दिले, टोक मागे घातलं. गाठ ओठांपर्यंत नेली आणि तिथे हात थांबला. मग डाव्या हाताने त्यांनी पाण्याची बाटली उचलली, दोन थेंब गाठीवर सोडले आणि सावकाश ओढून घेतली. पाण्यानेही गाठ तितकीच पक्की बसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

ल्युअर माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "ओढून बघा."

"नको भाई. आज नको."

"बघा, साहेब," ते म्हणाले. "न बघता पुढे सोडू नका."

मी ओढून बघितली.