बुंदीची पाठराखीण

नागावात समुद्राच्या वाटेवर, नारळाच्या वाडीत जनीताई म्हात्रे यांचं घर आहे. पाहुण्यांसाठी त्यांनी खोल्या बांधल्या आहेत. जेवणही त्याच करतात. मुंबईची माणसं शनिवारी येतात, रविवारी जातात. त्यांतली काही येताना छोटासा कुत्रा आणतात आणि जाताना त्याला मागेच सोडतात.

"चपला इसरतात, टॉवेल इसरतात, तसा कुत्रापन इसरतात," जनीताई सांगतात. "पन चपलेसाठी फोन येतो."

अशा कुत्र्यांना त्या ठेवून घेतात, लसी टोचून आणतात आणि योग्य घर पाहून देतात. त्यामुळे पहिल्यांदाच कुत्रा पाळणारी अलिबागकडची पुष्कळ माणसं आधी त्यांचा सल्ला घेतात. आमचे हे गेल्यावर घर फार गप्प झालं, म्हणून मीही जनीताईंकडे गेले. माझ्या मुलीने, मृणालने, पुण्याहून एका पिल्लाचा फोटो पाठवला होता. पांढरंशुभ्र, झुबकेदार, चपट्या तोंडाचं. मी तो जनीताईंना दाखवला.

"नाक कुठं हाय ह्याला? मे महिन्यात आपल्याला दम लागतो. हा श्वास कुठनं घेल?" त्यांनी फोटो जवळ धरला. "आन् एवढे केस रोज कोन इंचरनार? काकी, फोटो बघून कुत्रा घेऊ नका. घरात त्याचं काय काय करावं लागंल ते बघा."

"मग दुसरं एखादं पिल्लू?"

"पिल्लू घरभर मुततं. तुमी वाकून पुसनार? आन् ते पंधरा वर्षं जगतं. तुमचं वय काय?"

त्यांचे यजमान हिरामण मागे कोयत्याने शहाळी सोलत होते. ते म्हणाले, "अगं, जरा सांभाळून बोल."

"वय इचारलं, मयत न्हाय इचारली."

मला हसू आलं. जनीताईंनी मग बुंदीला आणलं. सहा वर्षांची, बेसनाच्या रंगाची, पॉमेरियनच्या वळणाची कुत्री. तिने माझ्या हाताचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि माझं मन तिथेच बसलं. पण जनीताईंनी आधीच सांगून ठेवलं. बुंदी दोन घरांतून परत आली होती. दोन्हीकडची तक्रार एकच, की दिवसभर लपून बसते. "तिसऱ्यांदा परत आली तर मी तिला कुठंच देनार न्हाय. किती दारं दाखवायची तिला?"

कुत्रा एकटा पाठवायचा नाही, हा जनीताईंचा नियम. नवी नवरी सासरी निघाली की तिच्या सोबतीला माहेरची एक बाई जाते, पाठराखीण म्हणून. तशा जनीताई प्रत्येक कुत्र्यासोबत जातात आणि त्याचा जीव रमेपर्यंत त्या घरात राहतात. माझ्याकडे त्या कपड्यांचं बोचकं आणि स्वतःचं एक न धुतलेलं लुगडं घेऊन आल्या. लुगडं बुंदीच्या अंथरुणासाठी, ओळखीच्या वासाचं.

आल्या आल्या त्यांनी अंगणातली बुंदीची जागा बदलली. "ह्या माडाचा एक नारळ डोक्यात पडला तर बुंदीचा लाडू होईल." उंदराचं औषध काढून टाकायला लावलं. खारवलेली सुकट खालच्या फळीवरून वरच्या फळीवर गेली. मग त्या भिंतीला टेकून बसल्या. "मी हितं न्हाय असं समजा."

मी समजले, आणि स्वयंपाकघरात जायला कोपऱ्यातली काठी उचलली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून मी काठीशिवाय चालत नाही. बुंदी जमिनीला चिकटली. तिच्याखाली ओलं झालं. सरपटत ती पलंगाखाली गेली ती बाहेर आलीच नाही.

जनीताईंनी ओलं पुसून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या घरांतबी मी ऱ्हायले होते. कुनाच्या हातात झाडू होता, बांबू होता, ते मी बघितलंच न्हाय. मी मानसंच बघत बसले."

"तिला परत न्या," मी म्हटलं. "काठी सोडली तर मी पडेन."

"काठी द्या हिकडं."

ही बाई भरलेला सिलिंडर कमरेवर घेऊन चालते. ती आता माझी काठी टेकत, माझ्यासारखी वाकून अंगणात फिरू लागली. मला उठायची बंदी होती. कुठे जायचं असलं तर त्या मला दंडाला धरून नेत आणि पुन्हा काठी घेत. कुंपणापलीकडून शेजारची प्रांजली म्हणाली, "जनीमावशी, कंबर गेली काय?"

"व्हय. नवी कुठं मिळते?"

आधी दूर अंगणात, मग ओटीवर, मग खोलीत. जेवताना काठी मांडीवर आडवी. दुपारी आडव्या झाल्या तरी काठी कुशीत. काठीच्या मुठीला त्या मऊ भात लावून ठेवत आणि तोंड फिरवून बसत. बुंदीला त्यांनी हाक मारली नाही, चुचकारलं नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सुट्ट्यांमुळे त्यांच्या खोल्या भरलेल्या होत्या. हिरामणांचा फोन आला, मासे कोण तळणार म्हणून. "तुमचे हात काय भाड्यानं दिलेत?" म्हणून त्यांनी तो ठेवून दिला.

मी कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांना प्रार्थनेत तासन्‌तास गुडघ्यांवर पाहिलं आहे. त्यानंतर इतकी निश्चल बसलेली बाई मी पाहिली नव्हती. त्यांना काहीच नको होतं, घाई तर मुळीच नव्हती. एका भ्यालेल्या जिवासाठी त्या माझं म्हातारपण अंगावर घेऊन बसल्या होत्या, आणि मी बघता बघता श्वास हळू घेऊ लागले होते.

एका दुपारी पलंगाखालून बेसनी रंगाचं नाक बाहेर आलं. मुठीवरचा भात तिने चाटला आणि पुन्हा आत गेली. त्यानंतर रोज थोडी थोडी जास्त वेळ बाहेर राहू लागली. अखेर जनीताईंनी काठी माझ्या हातात दिली. "आता तुमी. उचलू नका, टेकवा नुसती." मी चालले. बुंदी दबली, पण लपली नाही.

त्या दिवशी जनीताई निघाल्या. बुंदी झोपल्यावर जा, असं मी सुचवलं. "न्हाय. गुपचूप गेलेल्या मानसाची वाट ती एकदा बघून बसलीय. तिला दिसू दे." बोचकं काखेत मारून त्या तिच्यासमोरून गेट उघडून गेल्या.

बुंदीने गजांत नाक घातलं आणि ती कण्हू लागली. मी उठले. टेकत टेकत गेटाशी गेले. आवाज ऐकून तिने मागे पाहिलं. कान मागे गेले, अंग थरथरलं. पळायला सगळं अंगण मोकळं होतं. मी काठी एका जागी टेकून तशीच उभी राहिले. मग ती उठली, काठीपासून लांब वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली आणि पायाला टेकून बसली. काठी उजवीकडे, ती डावीकडे. आजही आम्ही तशाच चालतो.

जनीताई गेल्याच नव्हत्या. रस्त्यावर आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या.

"बसली?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"बसली."

"मग मी जाते. पानी भरून ठेवा तिला," असं म्हणून त्या पाखाडीच्या दगडी वाटेने चालू लागल्या.