कोचाला हात लावायचा न्हाय

तो कोच घरात आला तेव्हा बघायला अर्धं गाव लोटलं होतं. मी मात्र पहिल्याच दिवशी त्याला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, सुनेला तोंड कुठलं? रंग बघितला अन् कपाळावर हात मारला. मोतिया! शेणानं सारवलेली जमीन, दारात बैल, घरात पाच वर्षांची पोर अन् तीन वर्षांचं पोरगं, अन् कोच कसला आणला, तर मोतिया रंगाचा. ज्यानं तो रंग निवडला त्याच्या घरी लेकरं नसावीत, नाहीतर ती सांभाळणारी बाई वेगळी असावी.

माझे सासरे, मामंजी, गावचे पोलीस पाटील. बेंबळीच्या अलीकडं आमचं गाव. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. ठाण्याचा अमीन, म्हणजे आताचा फौजदार, गावात आला की आमच्याच घरी उतरायचा. दारातून आत शिरलं की आमची ढाळज, पुरुषांच्या बैठकीची जागा. तिथं गादी अन् लोड असायचे. पण अमीनाला बूट काढायचा आळस, अन् खाली बसलं की विजार ताणायची. एकदा उभ्या उभ्याच तो मामंजींना म्हणाला, "क्या पाटील, बैठने कू ढंग की जगा भी नै तुम्हारे घर में?" झालं. बैलगाडी सोलापूरला गेली अन् कोच घेऊन आली.

कापड खिळ्यांनी ठोकलेलं. काढून धुवायची सोयच नाही. लुगडं असतं तर नदीवर नेऊन आपटलं असतं, हा ठोकळा जागेवरच पुसायचा. डोक्याच्या तेलाचा डाग पडला की त्यावर ज्वारीचं पीठ दाबून ठेवायचं, तेल पिऊन पीठ पिवळं पडलं की झाडून काढायचं. दूध सांडलं तर रिठ्याचा नुसता फेस लावायचा. पाणी आत काथ्यात मुरलं की असा वास सुटायचा की बोलायची सोय नाही. हळदीचं बोट लागलं तर दोन गड्यांना हाका मारून कोच अंगणात काढायचा, हळद उन्हालाच भिते. रक्ताला मात्र ऊन नाही अन् ऊन पाणीही नाही. त्याला गार पाणी अन् मीठ, तेही वाळायच्या आत. हे मला माझ्या आईनं सांगितलेलं. एकदा पायाला कुऱ्हाड लागून मामंजींचं धोतर भरलं होतं, तेव्हा मी त्यांनाही सांगितलं होतं.

अन् रोजची धूळ वेगळीच. रस्त्यावरून गाडी गेली की फुफाटा थेट ढाळजेत. त्याला एकच उपाय. चिंचेचा फोक घ्यायचा अन् कोच झोडपून काढायचा.

मामंजी मुळात तापट, पण लेकरांवर हात उचलणारे नव्हते. नातवाला खांद्यावर घेऊन मळ्यात जायचे, हुरडा भाजून त्याच्या तोंडात घालायचे. हे मी मुद्दाम सांगते आहे. माणूस जन्मजात कसाई नसतो.

एक दिवस अमीन कोचावर बसला होता. समोर गावातली दहा-बारा माणसं हात जोडून उभी. माझं पोरगं काकवी-भाकरी खात खात कधी ढाळजेत गेलं ते मला कळलंच नाही. तसंच बरबटलेल्या हातानं ते हसत हसत अमीनाच्या गुडघ्याला जाऊन बिलगलं. अमीनानं खाली बघितलं. विजारीवर पाच बोटं उठलेली. तो उठला, पोराला पायानंच बाजूला सारलं, अन् मामंजींच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की डोक्यावरचा पटका जमिनीवर पडला.

अमीनाचा हात कोण धरणार? बाजूच्या गावात रझाकारांनी घरं पेटवलेली, अन् अमीनानं नुसतं बोट दाखवलं की माणूस गजाआड. मामंजींनी पटका उचलला. गुडघ्यावर बसले अन् त्याच पटक्याच्या शेवानं अमीनाची विजार पुसली. मी दाराआडून बघत होते. ज्या माणसाच्या आवाजानं गावातली भांडणं थांबायची, तो माणूस खाली बसून काकवी पुसत होता.

अमीन गेला. मग मामंजींनी वेताची काठी घेतली अन् माझ्या लेकराला मारलं. वड्याचं तेल वांग्यावर. मी मध्ये पडले तर मलाही चार बसल्या. "कोचाला हात लावायचा न्हाय," प्रत्येक फटक्याला ते म्हणत होते, "हात लावायचा न्हाय." कोचाला तर पोरानं बोटही लावलं नव्हतं. त्याच्या पोटऱ्यांवर वळ उठले, अन् चार दिवस ते झोपेत दचकायचं.

तिथून पुढं घरात त्या कोचाचंच राज्य. डाग दिसला की काठी. डाग कुणाचा ते विचारायची पद्धत नाही. एकदा मांजराच्या पायाचे ठसे उठले, मार खाल्ला पोरीनं. मालक, म्हणजे माझे यजमान, सोलापूरला गिरणीत कारकून. महिन्यातून एकदा यायचे, वळ बघायचे, अन् "जरा दमानं घे, दिवस वाईट आहेत," असं मलाच सांगून परत जायचे. दमानं घे! तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो ह्यालाच.

मग मी एक युक्ती काढली. ओट्यावरून मामंजी ओरडायचे, "सूनबाई, कोण चढलंय कोचावर? येऊ का आत?"

"तुम्ही बसा मामंजी, मीच बघते," असं म्हणून मी फोक उचलायची अन् कोचावर तुटून पडायची. फट! फट! फट! पोरीला डोळ्यानं खूण केली की ती जी बोंब ठोकायची! "आई गं, मेले गं, परत न्हाय गं!" बया कुठून शिकली होती कोण जाणे. तिचं बघून धाकटंही गळा काढायचं. फोक कोचाच्या पाठीवर अन् बोंब लेकरांची. धूळ निघायची ती वेगळीच. शेवटी बाहेरून मामंजीच म्हणायचे, "बास की आता, मारून टाकतीस का काय!"

मी मात्र खरंच मारायची. दात-ओठ खाऊन मारायची. एक फटका अमीनाला. एक मामंजींना. एक आमच्या मालकांना, तो जरा जोरात. हात भरून यायचे पण जीव गार व्हायचा. लेकरं खांबाला धरून तोंडानं रडायची अन् डोळ्यांनी हसायची. त्या घरात तेवढाच काय तो आमचा आनंद.

बरेच दिवस हे खपलं.

मग एक दिवस सकाळीच निरोप आला. दुपारी अमीन येणार, अन् बरोबर रझाकारांची माणसं. मामंजी पांढरेफटक पडले. "सूनबाई, कोच बघ. एक डाग दिसता कामा न्हाय. तुला काय ठावं, एका डागापायी घर जळंल आज." मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू? मी फोक घेतला अन् धूळ काढायला लागले. खूण-बिण काही केली नव्हती. पण फोकाचा आवाज ऐकला अन् लेकरं सवयीनं धावत आली, खांबाजवळ उभी राहिली अन् सुरू झाली. "आई गं, मेले गं!" मी गप म्हणायच्या आत मामंजी दारात. सोडवायलाच आले असावेत, असं मला आजही वाटतं. "आज नको गं मारू त्यांना," असं काहीतरी त्यांच्या ओठांवर होतं.

समोर बघतात तर फोक कोचावर, अन् लेकरं खांबाला धरून हसतायत.

"मला येड्यात काढता व्हय?" ते म्हणाले. हळूच म्हणाले. "माझ्याच घरात? येवढं दिस?"

पहिला तडाखा माझ्या पाठीत बसला. मी वाकले तेवढ्यात त्यांनी पोराकडं मोर्चा वळवला. पोरगं पळालं. पळून जाणार कुठं तर कोचावर चढलं. बिचाऱ्यानं एवढे दिवस बघितलेलं, मार कोचाला बसतो, लेकरांना बसत नाही. काठी त्याच्या पाठीत बसली अन् ते पुढं कोलमडलं. कोचाच्या लाकडी हातावर कपाळ आपटलं. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. क्षणभर काहीच नाही, मग भळाभळा रक्त. मोतिया कापडावर.

"गार पाणी आण!" मामंजी ओरडले. "मीठ आण! पळ!"

मी पळाले. पळता पळता मनात आलं, काही झालं तरी आजाच आहे, रक्त बघून पोटात तुटलं. तांब्या घेऊन आले, पोराला मांडीवर घेतलं अन् कपाळावर धार धरली. मामंजींनी माझ्या हातातला तांब्या हिसकला.

"त्याला काय वततीस? कोचाला! कोचाला वत! वाळंल ना ते!"

पोराचे डोळे पांढरे व्हायला लागलेले, अन् हा बाप्या मीठ घेऊन कापडावर चोळतोय.

मला पुढचं सगळं आठवतं, मी भ्रमात केलं असं कुणी समजू नये. मी पोराला पोरीच्या मांडीवर दिलं. पोरगी शहाणी, तिनं आपण होऊन हळदीचा डबा आणला होता अन् मूठभर हळद जखमेत दाबली होती. भिंतीला विळा अडकवलेला होता, कणसं कापायचा. तो काढला. मामंजी मागं सरले, त्यांना वाटलं त्यांच्यावरच धावते. मी कोचाच्या पाठीत विळा घातला अन् वरून खाली, पार बसायच्या जागेपर्यंत ओढला. टर्रर्र! एकदा, दोनदा, तीनदा. खिळे तटातट उडाले. चार बोटं रुंदीच्या पट्ट्या निघाल्या. घरात त्याच्याइतकं स्वच्छ कापड दुसरं नव्हतंच. मीच तर ठेवलं होतं.

त्या पट्ट्यांनी मी पोराचं डोकं करकचून बांधलं. रक्त थांबेपर्यंत धरून बसले.

मामंजींनी काठी वर उचलली होती. तशीच हवेत.

"टाका ती खाली," मी म्हणाले. त्या घरात त्यांच्याकडं बघून, पदर डोक्यावर न घेता, मी पहिल्यांदाच बोलले. "टाका म्हणते. न्हायतर कोचाचं झालं तेच होईल."

"अमीनाला काय सांगू?" त्यांचा आवाज लहान लेकरासारखा झाला होता.

"सांगा सुनेनं फाडला. जाळायचं तर घर जाळ म्हणावं. पण माझ्या लेकराला आता ह्यापुढं कुणी शिवलं तर मी त्याचा मुडदा पाडीन. मग तो अमीन असो, का तुम्ही असा."

काठी खाली पडली. मामंजी गादीवर बसले अन् दाराकडं बघत राहिले. आम्ही सगळेच बघत राहिलो. दुपार झाली, ऊन कललं. माझी पाठ सुजून आलेली, पोरगं मांडीवर पेलवेना. शेवटी मी उघड्या काथ्यावर माझं लुगडं अंथरलं अन् पोराला त्या कोचावरच निजवलं. विळा मात्र हाताशी ठेवला होता.

दिवस बुडायच्या वेळी ठाण्याचा शिपाई सायकलवरून आला. दारातूनच म्हणाला, "साहेब इकडं येत न्हायत. परस्पर धाराशिवला गेले." अन् पाणीही न पिता निघून गेला. बस्स. एवढंच.

त्या आवाजानं पोरगं जागं झालं. डोळे उघडले, आपण कुठं निजलोय ते त्याच्या ध्यानात आलं, अन् त्याचं तोंड एवढंसं झालं. धडपडत खाली उतरलं. पट्टीतून रक्ताचा एक थेंब लुगड्याबाहेरच्या काथ्यावर पडला होता. त्यानं अंगातल्या कुडत्याचा शेव हातात धरला अन् तो काथ्या पुसायला लागलं, घाईघाईनं, आजाकडं बघत.

"न्हाय मळला आजा. बघ की, न्हाय मळला."

मामंजी उठायला गेले, तसे पोरानं दोन्ही हात डोक्यावर धरले. मामंजी होते तिथंच परत बसले अन् पुढं आलेच नाहीत. त्या अख्ख्या दिवसात मी पहिल्यांदा तेव्हा रडले, अन् गल्ली ऐकेल एवढ्या मोठ्यानं रडले. मला कुणी गप बस म्हणालं नाही.